आंबोलीला एकटाच गेलो होतो

वाचकाचे पत्र

मी कोल्हापूरचा. वय 43, सहकारी बँकेत नोकरी. सात वर्षांपूर्वी बुलेट घेतली, तेव्हापासून आम्हा बारा जणांचा ग्रुप आहे आणि महिन्यातले दोन रविवार आम्ही बाहेर पडतो. माणसे चांगली आहेत, तक्रार कोणाविषयीच नाही. पण गेली दीड वर्षे, म्हणजे साधारण वडील गेले तेव्हापासून, मला एकट्यानेच जावेसे वाटते. ग्रुपबरोबर गेलो की दमून परततो, एकटा गेलो की हलका होऊन येतो. गेल्या नोव्हेंबरात मित्रांना सांगितले की मुलीची परीक्षा आहे, बायकोला सांगितले की ग्रुपबरोबर चाललो आहे, आणि एकटाच आंबोलीला जाऊन आलो. तिथे ग्रुपमधल्या एकाच्या मेहुण्याने मला पाहिले. आता मित्र म्हणतात, "आम्ही नकोसे झालो का?" बायको म्हणते, "जायचे तर त्यांच्याबरोबर जा, नाहीतर गाडी विका." मी माणूसघाणा झालो आहे का? एकट्याने जाणे खरेच इतके धोक्याचे आहे का? पुढच्या जूनमध्ये ग्रुप लडाखला चालला आहे, त्यांना काय सांगू?

ता. क. : मित्र विचारतात, "एकटा असताना पंक्चर झाली तर काय करशील?" याचे उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना ज्या वाक्यापाशी थांबलो ते वाक्य एकटेपणाविषयीचे नव्हते. मित्रांना परीक्षेचे कारण सांगितले आणि घरी मित्रांचे नाव सांगितले, हे तुम्ही एका दमात लिहून पुढे गेला आहात. त्याचा अर्थ असा की, त्या रविवारी सकाळी तुम्ही आजऱ्याच्या रस्त्याने आंबोलीकडे निघालेले असताना, तुम्ही कुठे आहात हे या जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हते. तो मेहुणा भेटला म्हणून तुम्ही अडचणीत आलात असे तुम्हाला वाटते. मला मात्र वाटते की, त्या दिवशी तुमचा ठावठिकाणा माहीत असलेला तो एकमेव माणूस होता, आणि त्या अर्थी तुम्ही त्याला चहा पाजायला हवा होता.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, कारण हीच चूक मी तुमच्याहून कमी वयात आणि अधिक मूर्खपणाने केलेली आहे. साल 1987, महिना जुलैचा, गाडी येझदी. आईला सांगितले होते की मित्राकडे सांगलीला चाललो आहे, आणि निघालो होतो राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवलीकडे. घाट उतरताना एका वळणावर रस्त्यावर ओघळलेल्या तांबड्या मातीचा थर होता. वेग फारसा नव्हता, गाडी अगदी सावकाश आडवी झाली आणि उजवा पाय तिच्याखाली अडकला. सायलेन्सर पोटरीला टेकलेला, पाऊस चालू, आणि पाय ओढून काढावा तर टाच कुठेतरी अडकलेली. वीसेक मिनिटांनी एक ट्रक आला, ड्रायव्हर आणि क्लीनर या दोघांनी गाडी उचलली, मला टपरीवर बसवून चहा दिला आणि नाव न विचारता ते निघून गेले. पोटरीवरचा डाग अजून आहे. पण त्या वीस मिनिटांत मला सर्वांत जास्त भीती दुखण्याची वाटली नाही. ट्रक आला नाही तर घरचे लोक मला सांगलीत शोधत बसतील, या विचाराने मी गारठलो होतो. मी एकटा होतो म्हणून पडलो नाही, कारण बारा जण बरोबर असते तरी ती माती तिथेच असती. पण खोटे बोलून निघालो होतो म्हणून ते पडणे जिवावर बेतू शकले असते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही माणूसघाणे झालेला नाहीत. माणूसघाणा माणूस मित्रांना वाईट वाटले म्हणून मला पत्र लिहीत बसत नाही. ग्रुपबरोबर जाणे आणि एकट्याने जाणे हे एकाच छंदाचे दोन प्रकार आहेत असे आपण धरून चालतो, पण मला तरी ते दोन वेगळे छंद वाटतात. ग्रुपमध्ये गाडी हे एकत्र येण्याचे निमित्त असते. थांबणे, मिसळ खाणे, एकमेकांची चेष्टा करणे, फोटो काढणे हा खरा कार्यक्रम असतो आणि मधला रस्ता हे त्याचे भाडे असते. एकट्याचे उलटे असते. तिथे रस्ता हाच कार्यक्रम असतो, आणि थांबायचे ते कुठेतरी धुके उतरताना दिसले म्हणून किंवा नुसतेच पाय मोकळे करावेसे वाटले म्हणून. एखाद्याला भजनी मंडळ आवडते आणि एखाद्याला पहाटे एकट्याने नामस्मरण करणे आवडते. दोघांतला एक नास्तिक आहे असे कोणी म्हणत नाही.

ग्रुपबरोबर गेल्यावर दमायला होते असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे कारण तुमच्या स्वभावात शोधण्याआधी थोडा हिशोब करून पाहा. बारा गाड्या एकामागोमाग, दर दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर ठेवून चालल्या, तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीत बावीस सेकंद असतात. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे हा ताफा साडेतीनशे मीटरहून लांब होतो. पुढचा गडी रस्ता मोकळा पाहून उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडतो आणि मागून एकेक जण त्याच्या भरवशावर बाहेर येतो, तोवर ज्या मोकळ्या रस्त्यावर तो निर्णय घेतला होता तो रस्ता मोकळा राहिलेला नसतो, कारण समोरून येणारी एसटीसुद्धा त्या बावीस सेकंदांत तेवढेच अंतर कापून आलेली असते. डावी-उजवीकडे आलटून पालटून, नागमोडी रांगेत चालले तर ताफ्याची लांबी निम्मी होते, पण घाटाच्या वळणांवर ती रांग मोडून एकामागे एक व्हावेच लागते. शिवाय पुढच्याने जरा वेग कमी केला की मागच्याला ब्रेक लावावा लागतो, त्याच्या मागच्याला जोरात लावावा लागतो, आणि पुढचा पुन्हा सुटला की शेपटाच्या गाड्यांना ती फट भरून काढण्यासाठी पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने पळावे लागते. ग्रुपमध्ये सर्वांत कमी अनुभवाचा माणूस संकोचाने मागे राहतो आणि त्यामुळे सर्वांत वेगाने त्यालाच जावे लागते, ही गोष्ट फार थोड्या ग्रुपांच्या लक्षात येते. जाणते ग्रुप म्हणूनच नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवतात, शेवटी मुरलेला गडी देतात आणि "ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचा" असे निघतानाच बजावतात. तुमचा ग्रुप यातले किती पाळतो ते तुम्हालाच ठाऊक. पण दिवसभर पुढच्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून दुसऱ्याच्या गतीने, दुसऱ्याच्या निर्णयाने गाडी चालवणाऱ्या माणसाचे डोके संध्याकाळी शिणले, तर त्यात नवल काही नाही.

मग ग्रुप सुरक्षित असतो असे तुमच्या पत्नी म्हणतात ते चुकीचे का? नाही, त्या अर्धे बरोबर बोलत आहेत, आणि तो अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. पडू नये म्हणून ग्रुपचा उपयोग थोडा असतो, पण पडल्यानंतर त्याचा उपयोग मोठा असतो. कोणीतरी गाडी उचलते, कोणीतरी फोन करते, कोणीतरी रुग्णवाहिकेबरोबर जाते आणि कोणीतरी घरी नीट शब्दांत सांगते. एकट्याने निघणाऱ्या माणसाने हे चार हात घरी ठेवलेले असतात, म्हणून त्यांची जागा भरून काढण्याची सोय निघण्याआधीच करून ठेवणे हे त्याचे काम आहे. ते न करता "मला एकांत आवडतो" असे म्हणणे म्हणजे आपल्या एकांताचा खर्च घरच्यांच्या काळजीतून भागवणे आहे.

तेव्हा पत्नीशी बोलताना एकांताचे तत्त्वज्ञान सांगू नका, वेळापत्रक सांगा. समजा, तुम्हाला गगनबावड्यावरून विजयदुर्गला जायचे आहे. तर आदल्या रात्री एका कागदावर लिहा : सहाला निघणार, गगनबावड्याला चहा घेऊन घाट उतरण्याआधी फोन, करूळ घाट उतरून वैभववाडीला पोचलो की दुसरा फोन, तळेऱ्याला तिसरा. गगनबावड्यात रस्ता फुटतो आणि भुईबावडा घाटानेही खाली उतरता येते, पण कागदावर करूळ लिहिले असेल तर ऐनवेळी लहर आली म्हणून भुईबावड्याला वळायचे नाही. वळायचेच असेल तर आधी फोन करून मग वळायचे. ठरलेल्या वेळेनंतर दीड तास फोन आला नाही तर काय करायचे, तेही त्याच कागदावर हवे : आधी मला फोन, मग ज्या एका मित्राला आजचा रस्ता सांगून ठेवला आहे त्याला, मग 112 या आपत्कालीन क्रमांकाला. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवण्याची सोय चांगली आहे, ती जरूर वापरा, पण घाटात रेंज गेली की तो ठिपका जागच्या जागी थिजतो आणि पाहणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते, म्हणून ती कागदाच्या जोडीला असावी, कागदाऐवजी नसावी. खिशात रक्तगट आणि घरच्यांचे दोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या, कारण कुलूपबंद मोबाइल परक्या माणसाच्या काही उपयोगाचा नसतो. 108 ची रुग्णवाहिका कोणीही बोलावू शकते, पण ती नेमकी कुठे यायची हे सांगणाऱ्याला कळावे लागते, त्यासाठी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्या.

एकटा माणूस शेवटी अनोळखी माणसांच्या भरवशावर असतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांची कटकट मागे लागेल या भीतीने लोक थांबत नसत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून संरक्षण मिळाले. हे अजून पुष्कळांना माहीत नाही. तुम्ही स्वतः रस्त्यात कोणासाठी थांबाल तेव्हा जमलेल्या लोकांना ते सांगा. एकट्याने फिरणाऱ्याने दुसऱ्याच्या बंद पडलेल्या गाडीपाशी न थांबता पुढे जाणे मला तरी शोभत नाही असे वाटते.

काही वेळा आणि काही जागा एकट्यासाठी नव्हेत, हेही कबूल करून टाका. पत्नीचा विश्वास त्यानेच बसेल. भर पावसात घाट नको, कारण दरड आणि शेवाळ यांच्यापुढे कौशल्य चालत नाही. अंधार पडल्यावर राधानगरी-दाजीपूरचा रस्ता नको. ते अभयारण्य गव्यांचे आहे, आणि अंधारात काळा गवा रस्त्यावर उभा असला तर तो हेडलाइटच्या उजेडात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. गवा बाजूला होत नाही, हा अनुभव त्या भागातला कोणीही सांगेल.

लडाखचे उत्तर याच तर्काने येते. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि खारदुंगला ही खिंड पाच हजार मीटरच्या पलीकडे. तिथे हवा विरळ होते, डोके दुखते, मळमळते, आणि सर्वांत कपटी गोष्ट अशी की, आपले काहीतरी बिघडते आहे हे ओळखणारी बुद्धीच आधी मंदावते. माणूस अडखळत बोलत असतो आणि "मला काही झालेले नाही" असे ठासून सांगत असतो. अशा ठिकाणी दुसऱ्याचे डोळे लागतात. म्हणून लडाखला जायचे असेल तर ग्रुपबरोबरच जा, लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडीला किल्ली न लावता नुसते बसा, आणि ग्रुपमधल्या ज्याची तुम्हाला एरवी सर्वांत जास्त कटकट वाटते, त्या सारखी चौकशी करणाऱ्या माणसाच्या जवळपास राहा. जायचेच नसेल तर मात्र आता सांगा; खोल्या आरक्षित झाल्यावर मुलीची परीक्षा काढू नका.

मित्रांशी बोलण्याचा प्रसंग तुम्हाला अवघड वाटतो आहे, कारण तुम्ही मनात खुलासा रचता आहात. खुलासा नको, आधी माफी हवी, आणि ती एकटे गेल्याबद्दल नव्हे, खोटे बोलल्याबद्दल. "मी तुम्हाला परीक्षेचे खोटे सांगितले, ते चुकले. मला मधूनमधून एकट्याने जायचे असते. त्यात तुमच्यातल्या कोणाविषयी काही नाही. महिन्यातला एक रविवार तुमचा, एक माझा." एवढेच बोला आणि गप्प बसा. थट्टा होईल, "साधू झाला" म्हणतील, ती होऊ द्या. पण आपली आवड पटवून देण्यासाठी ग्रुपची नालस्ती करू नका. वर केलेला बावीस सेकंदांचा हिशोब त्या दिवशी तर मुळीच सांगू नका. तो सांगायचा असेल तर पुढच्या एखाद्या राइडच्या आधी, चहा पिताना, ग्रुप नीट चालावा म्हणून सांगा, आणि शेवटची जागा स्वतः मागून घ्या. मागे राहिलेल्यांना सांभाळत येणाऱ्या माणसाला पुढच्या रांगेतला गोंगाट फारसा सोसावा लागत नाही, हा त्यातला तुमचा खासगी फायदा. आणि दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून पूजा होईल, त्या दिवशी तुमची गाडी त्या रांगेत उभी असलीच पाहिजे.

राहिली वडिलांची गोष्ट. ती तुम्ही "म्हणजे साधारण" असे म्हणून ओझरती लिहिली आहे, त्यामुळे मीही तिला हळूच हात लावतो. गाडीवर एकटे असताना डोके शांत होते ते तिथे खोल विचार करता येतो म्हणून नव्हे. रस्ता, वळण, खड्डा, समोरचा ट्रक, क्लच आणि गिअर यांतच सगळे लक्ष गुंतल्याने विचाराला जागा उरत नाही म्हणून. तो विसावा खरा आहे आणि दीड वर्षानंतरही तो हवासा वाटत असेल तर त्यात काळजी करण्यासारखे मला काही दिसत नाही. घरी बायको, मुलगी, आई यांच्यापुढे धीराने उभे राहिलेल्या माणसाला चार तास कोणापुढेच उभे राहायचे नसते. पण कधी हेल्मेटच्या आत अचानक भरून आले, तर तसेच पुढे जाऊ नका. आधीच काच धूसर झालेली असते, त्यात डोळ्यांत पाणी, आणि नेमके तेव्हाच वळण येते. गाडी कडेला घ्या, डबल स्टँडला लावा, हेल्मेट काढा आणि जितका वेळ लागेल तितका वेळ बसा. ग्रुपमध्ये असे थांबता येत नाही, हे बहुधा तुम्हाला आधीच कळलेले आहे. मात्र महिन्यातून दोनदा घरातून निघून जाण्याखेरीज दुसरी कुठलीच गोष्ट हलके करीनाशी झाली, झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तर रस्ता त्यावर पुरा पडणार नाही. तेव्हा समुपदेशकाकडे जा, आणि तिथेही कोणाचे नाव पुढे करून जाऊ नका.

आणि ताज्या कलमाचे उत्तर. तुमच्या बुलेटला स्पोकची चाके असतील तर आत ट्यूब असणार, आणि ट्यूबची पंक्चर ट्यूबलेससारखी नुसती स्ट्रिप घुसवून निघत नाही. चाक उतरवून, टायर सोडवून ट्यूब बाहेर घ्यावी लागते. म्हणून एका शनिवारी तुमच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे जा, त्याला दुप्पट पैसे द्या आणि सांगा की हात मी लावणार, तुम्ही फक्त बघा. मागचे चाक दोनदा उतरवून पुन्हा बसवा, चेनचा ताण आणि चाकाची सरळ रेष कशी पाहायची ते विचारून घ्या. बरोबर एक नवी ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, गाडीच्या मापाचे पाने, हातपंप आणि एक जादा क्लच केबल बाळगा. पहिल्या खेपेला तुम्हाला दीड तास लागेल आणि टायर बसवताना नवी ट्यूब बहुधा पट्टीखाली चिमटून पुन्हा फुटेल, सगळ्यांचीच फुटते. जुने कपडे घालून जा, चेनचे काळे ग्रीस शर्टावरून निघत नाही.